पोपटी सेल्फ

बोटवाल्याचा फोन आला तेव्हा मी वर्गात होते. परभणीत एका आयटीआयमध्ये मी वीजतंत्रीच्या मुलांना शिकवते आणि तासाला फोन उचलत नाही. पण त्याने लागोपाठ पाच वेळा लावला, तेव्हा कुणाचं काही बरंवाईट झालं असेल असं वाटून मी बाहेर आले. नमस्कार नाही, ओळख नाही. "तुमच्या वडलानं माझी बोट मारून ठिवली हाय," तो म्हणाला. "तीन दिस झाले, बोट घाटाला बांधून हाय. उद्या रविवारी या आन् तुमच्या म्हाताऱ्याला जरा समजावून सांगा. न्हाई तर त्यो पोपटी सेल्फ घाटावरच्या लिंबाला टांगतो. बगू द्या समद्या गंगाखेडाला."

मी काही बोलायच्या आत त्याने फोन ठेवला. बोलणारच होते म्हणा. आमच्या घराण्यात तोंडाला कुलूप कुणाच्याच नाही.

इंजिनाला पहिला फेरा देऊन चालू करणारी जी मोटर असते, तिला आमच्याकडे सगळे सेल्फ म्हणतात. माझे वडील, अण्णा, चाळीसहून जास्त वर्षं गंगाखेडात सेल्फ आणि डायनामो दुरुस्त करतात. ट्रॅक्टर, टेम्पो, उसाच्या ट्रका, पिठाच्या गिरणीची इंजिनं, सगळ्यांचे सेल्फ त्यांच्या दुकानात येतात. आणि दुकानातून निघालेला प्रत्येक सेल्फ पोपटी असतो. तो त्यांचा दस्तूर. दुरुस्ती झाली, चाचणी झाली, की पोपटी ऑइलपेंटचा एक हात मारल्याशिवाय ते माल गिऱ्हाइकाच्या हातात देत नाहीत. तालुक्यात कुणीही बॉनेट उघडून खाली पोपटी दिसलं की मिस्त्रीचं नाव घेतं. तोच सेल्फ लिंबाला टांगणार म्हणजे काय करणार, हे बोटवाल्याला चांगलं ठाऊक होतं. मला त्याचा भयंकर राग आला. अण्णांचाही आला, कारण तीन दिवसांत त्यांनी मला एका शब्दाने सांगितलं नव्हतं.

तसं ते मला काहीच सांगत नाहीत. मी वीजतंत्रीला प्रवेश घेतला तेव्हा दोन महिने अबोला धरला होता. पोरीने ग्रीसमध्ये हात घालायचा नाही, हा त्यांचा नियम. पुढे मी निदेशक झाले, तर दुकानात बसलेल्या लोकांना सांगायला लागले की आमची पोरगी पुस्तकातली वीज शिकवते. गंमत अशी की याच माणसाने मला तिसरीत असल्यापासून दुकानात कामाला बसवलं होतं. काम एकच. गिऱ्हाइकांनी आणून दिलेल्या लग्नपत्रिका कापायच्या.

सेल्फ इंजिनाला जिथे बसतो त्या चपट्या कड्याला अण्णा तोंड म्हणतात. रंग मारताना ते तोंड कोरं राहिलं पाहिजे. म्हणून तोंडाला ग्रीसचं बोट फिरवायचं, त्यावर जाड पत्रिकेचं गोल कडं चिकटवायचं, मग रंग मारायचा, आणि वाळल्यावर कडं काढून टाकायचं. वर्तमानपत्राचा कागद ग्रीसमध्ये भिजून फाटतो, पत्रिका फाटत नाही. लगीनसराईत आमच्या घरी आलेली एकही पत्रिका देवासमोरून थेट रद्दीत गेली नाही. कुणाकुणाच्या शुभविवाहाची मी शेकड्याने कडी कापली. माझ्या स्वतःच्या लग्नाच्या उरलेल्या पत्रिकासुद्धा अण्णांनी तशाच संपवल्या. पण कडं चिकटवायचं काम त्यांचं. सेल्फला हात लावायची मला मुभा नव्हती. तोंड कोरं का ठेवायचं, हेही त्यांनी कधी सांगितलं नाही. ते मला आयटीआयमध्ये कळलं.

रविवारी पहिल्या गाडीने मी गंगाखेडला उतरले आणि सरळ दुकानावर गेले. अण्णा कुलूप लावून पायरीवर बसले होते. मांडीवर पिशवी, पिशवीतून त्यांचा बल्ब डोकावत होता. दोन वायरी जोडलेला बारीक बल्ब, एवढंच त्यांचं तपासणीचं यंत्र. मला पाहून त्यांनी विचारलं, कामून आलीस. मी फोनचं सांगितलं. ते म्हणाले, त्याच्या बोटीत खराबी आहे, माझ्या सेल्फात नाही, आणि तुझी काही गरज नाही. मी म्हटलं, मी तुमच्यासाठी आलेच नाही, त्याला चार शब्द ऐकवायला आले आहे. मग आम्ही एकाच रिक्षात, एकमेकांकडे न बघता, घाटावर गेलो.

घाट उतरताना त्यांची पायरी चुकली. मी हात धरला, तो त्यांनी झटकला. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. ऑपरेशनची गोष्ट काढली की म्हणतात, माझं काम कानाचं आहे, डोळ्याचं नाही. यावर आमची इतकी भांडणं झालेली आहेत की आता मी विषयच काढत नाही.

आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात. बंधाऱ्यामुळे तिचं पाणी तुंबून असतं आणि पलीकडच्या गावाला पुलावरून जायचं तर लांबचा फेरा पडतो. म्हणून ही लोखंडी बोट. मध्ये ट्रॅक्टरचं जुनं इंजिन बसवलेलं, हँडल मारायची सोय नाही, सेल्फ चालला तर बोट चालते. बोटवाला पस्तिशीचा, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, कपाळावर गॉगल. काठावर दहाबारा माणसं थांबलेली. दुधाचे कॅन, दोन मोटरसायकली, पलीकडे उसात जायला निघालेल्या चार बाया. बोट बंद म्हणून सगळे चिडलेले, आणि ती चीड त्याने चार दिवसांत बरोबर अण्णांच्या दिशेला वळवली होती.

"या मिस्त्री," तो म्हणाला. "फळीवरून जपून. दिसतंय न्हवं?"

लोक हसले. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी त्याला म्हटलं की तुझी बोट दिसते आहे, तिच्यात साचलेलं पाणी दिसतं आहे आणि तुझी अक्कलही दिसते आहे. तो म्हणाला, मॅडम आल्या का, आता बोट इंग्रजीत चालू होईल. फळीवरून जवळजवळ रांगत अण्णा बोटीत गेले आणि इंजिनाजवळ बसले.

पहिल्यांदा त्यांनी बॅटरीची टर्मिनलं चाचपली. मग बॅटरीपासून इंजिनाच्या अंगाला जाणारी जाड अर्थिंगची वायर बोटांनी शोधली आणि तिचा नट पान्याने आवळला. ते मी पाहिलं, पण लक्षात ठेवलं नाही. मग त्यांनी बोटवाल्याला बटण दाबायला सांगितलं. कट्ट असा एक आवाज आला. इंजिन ढिम्म. पुन्हा दाबलं, पुन्हा कट्ट. काठावरून कुणीतरी म्हणालं, चार दिवस हेच चाललंय.

"बॅटरी बसली हाय," अण्णा म्हणाले.

बोटवाल्याने आवाज चढवून सांगितलं की बॅटरी नवीकोरी आहे. मी बोटीत चढून पर्समधला मीटर बॅटरीला लावला. बॅटरी भरलेली होती. बटण दाबलं तरी काटा खाली येत नव्हता, म्हणजे बॅटरीतून वीज बाहेर पडतच नव्हती. सेल्फ अडकला असता किंवा आतून जळला असता तर बॅटरी दणकन खाली आली असती. मी हे मोठ्याने म्हटलं. अण्णांनी माझ्याकडे बघितलं नाही. त्यांनी जाड वायर मुठीत धरून पुन्हा बटण दाबायला लावलं आणि म्हणाले, वायर गार आहे. वीज वाहतच नाही, ही एकच गोष्ट दोघांनी सांगितली होती, पण ते मान्य करणार कोण. त्यांना माझा मीटर म्हणजे पोरखेळ वाटतो आणि मला त्यांचा हात म्हणजे हट्ट.

मग त्यांनी सेल्फवरचे दोन मोठे बोल्ट स्क्रू ड्रायव्हरने एकमेकांना भिडवून बटणाशिवाय थेट वीज दिली. बारीकशी ठिणगी उडाली, पुढे काही नाही. त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी सेल्फ खोलून काठावर आणायला सांगितला. तिथे जमिनीवर ठेवून, पायाखाली दाबून, बॅटरीच्या दोन वायरी लावल्या. एक वायर वरच्या बोल्टला, दुसरी चिमट्याचे दात रंगात रुतवून सेल्फच्या अंगाला. सेल्फ असा गरकन फिरला की अण्णांचा पाय उडाला. बाया मागे सरकल्या. अण्णांनी मान वर केली आणि पहिल्यांदा त्या माणसाकडे बघितलं.

"आता बोल," ते म्हणाले.

"हातात फिरतो आन् बोटीत मरतो," बोटवाला म्हणाला. "मला काय जमिनीवर बोट चालवायचीय? मिस्त्री, तुमचा हात गेला. म्हातारपन कुणाला सुटलंय. मान्य करा आन् घरी बसा."

त्याचा स्वर आता पहिल्यासारखा टिंगलीचा नव्हता. तो दया करत होता, आणि ती मला टिंगलीपेक्षा जास्त झोंबली. अण्णांच्या पांढऱ्या दाढीवर ग्रीस लागलं होतं. त्या क्षणी मला ते फार म्हातारे दिसले, आणि तसं दिसल्याबद्दल मला त्यांचाच राग आला.

सेल्फ परत बसवला. पुन्हा कट्ट. अण्णा बोटीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन फळकुटावर बसले, पाण्याकडे तोंड करून. मी मीटरची एक पिन बॅटरीच्या ऋण टोकाला धरली आणि दुसरी सेल्फच्या अंगाला रंग खरवडून टेकवली. बोटवाल्याला म्हटलं, दाब. तिथे जवळजवळ शून्य दिसायला हवं होतं. काटा दहा व्होल्टवर गेला. म्हणजे सेल्फचं अंग आणि इंजिनाचं अंग एकमेकांना मिळतच नव्हतं. दोघं एकमेकांना बोल्टने घट्ट आवळलेली असूनही मध्ये काहीतरी होतं.

मी वाकून सांध्यात बघितलं. पोपटी रेघ होती, केसाएवढी.

मला एकदम सगळं कळलं. त्या तोंडातूनच सेल्फला अर्थिंग, म्हणजे वीज परत जायची वाट, मिळते. तोंड रंगलं, अर्थिंग तुटली. या सेल्फला पत्रिकेचं कडं लागलंच नव्हतं. घाईत विसरले असतील, किंवा कडं बाजूला सरकलं असेल आणि त्यांना दिसलं नसेल. बोल्टखालच्या वायसरांच्या जागाही रंगल्या होत्या. चाळीस वर्षं ज्या रंगाने त्यांचं नाव झालं, त्यानेच बोट मारली होती. बोटवाला माझ्या डोक्यावर उभा होता आणि त्याला फक्त एवढंच कळायचं बाकी होतं.

"काय झालं मॅडम?" त्याने विचारलं.

टोकाकडून अण्णांनीही विचारलं, काटा कितीवर आहे. मी म्हटलं, कळत नाही, सेल्फच्या आतले कार्बनचे ब्रश बघावे लागतील. बोटवाल्याला बटणाशी थांबायला सांगून मी दोन्ही बोल्ट काढले, सेल्फ मांडीवर घेतला आणि काठाकडे पाठ केली. अण्णांच्या पिशवीत पालीश पेपर होता. ब्रश बघते आहे असं दाखवत मी तोंड घासायला लागले. रंग चिवट होता. नखाने सोलला, मग पुन्हा घासला. पोपटी कपच्या बोटीतल्या पाण्यात पडल्या, त्या मी पायाने ढवळून टाकल्या. तोंड चकाकलं तेव्हा सेल्फ जागेवर लावला, बोल्ट आवळले. मग उठून अर्थिंगच्या वायरीकडे गेले. तिचा नट सैल केला आणि सगळ्यांना दिसेल असा पुन्हा आवळला.

"दाब आता," मी म्हटलं.

इंजिनाने एक हेलकावा घेतला आणि काळा धूर सोडून ते धडधडायला लागलं. काठावरच्या लोकांनी कॅन उचलले. मी एवढ्यावर थांबायला हवं होतं, पण मला थांबायचं नव्हतं. मी त्या पांढऱ्या शर्टासमोर उभी राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी त्याची सालटी काढली. म्हटलं, तुझ्या बोटीतल्या अर्थिंगचा नट सैल होता, एवढ्याशा नटासाठी तू चार दिवस एका कारागिराची इज्जत चव्हाट्यावर मांडलीस, तुला पाना धरता येत नाही आणि दुसऱ्याचे हात मोजतोस. सेल्फ लिंबाला टांगणार होतास ना, आता तो नट टांग. लोक आता त्याला हसत होते. खरं सांगते, मला फार बरं वाटत होतं. मी खोटं बोलते आहे, एका माणसावर नाही तो आळ घालते आहे, याचं मला त्या वेळी काडीचंही वाईट वाटलं नाही.

आणि तो माणूस वरमला. त्याने गॉगल काढून खिशात ठेवला, बोटीच्या टोकाला गेला आणि अण्णांच्या पायाशी वाकला. "चुकलं मिस्त्री," तो म्हणाला.

अण्णांनी पाय मागे घेतले.

"नट सैल नव्हता," ते म्हणाले. "सकाळी आल्या आल्या म्याच आवळला."

इंजिनाच्या आवाजात ते लोकांना ऐकू गेलं नाही. म्हणून त्यांनी हाताने खूण करून इंजिन बंद करायला लावलं. चार दिवसांनी चालू झालेलं इंजिन बंद. मग त्यांनी मला जवळ बोलावलं आणि माझा उजवा हात धरून अगदी डोळ्यांशी नेला, चिठ्ठी वाचावी तसा. नखांत पोपटी रंग होता.

"तोंडाला रंग लागला व्हता," ते बोटवाल्याला म्हणाले. "माझ्या हातानं लागला. सेल्फ बी माझा आन् चूक बी माझी. तुझी बोट चांगली हाय. टांगायचा आसंल तर टांग, मी खोलून देतो."

बोटवाल्याने माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत जे होतं ते मला भोगायलाच हवं होतं, म्हणून मी नजर खाली घेतली नाही. तो म्हणाला, राहू द्या मिस्त्री, आता चालू झालाय. तो बटणाशी गेला. इंजिन एका दमात लागलं. लोक बोटीत चढायला लागले आणि आम्ही दोघं त्यांच्यामधून वाट काढत खाली उतरलो. उतरताना फळीवर त्यांनी माझा हात धरला नाही.

रिक्षात मी वाट बघत होते की ते ओरडतील. एसटी स्टँड आल्यावर माझ्याकडे न बघता ते बोलले.

"त्यो बोटवाला मला हात गेलेला म्हनायलाय. म्हनू दे. त्याला काय कळतंय. पन तुला कळतंय. तुला दिसलं आन् तू झाकलंस. म्हंजी तू बी धरून चाललीस, म्हातारा संपला म्हनून."

मी म्हटलं, मी तुमचं नाव वाचवलं. ते म्हणाले, नाव माझं होतं, तुला कुणी राखायला दिलं नव्हतं. एवढं बोलून दुकानापाशी उतरले, कुलूप उघडलं, आत गेले. चहाला ये म्हणाले नाहीत. मीही रिक्षावाल्याला तसंच स्टेशनला घ्यायला सांगितलं. मी एवढ्या लांबून आले, दोष मी शोधला, बोट मी चालू केली, आणि वर मीच गुन्हेगार. परभणी येईपर्यंत मी मनातल्या मनात त्यांना नाही नाही ते बोलले. त्यांचं म्हणणं खरं होतं हे मात्र त्या सगळ्या बोलण्यात मला कुठेच खोडता आलं नाही.

बोट अजून त्याच सेल्फवर चालते. लोक म्हणतात, बोटवाला आता रस्त्यात अण्णा दिसले की मोटरसायकल थांबवतो. अण्णांनी ऑपरेशन केलेलं नाही आणि दुकानही बंद केलेलं नाही. आम्ही बोलतो, पण कामापुरतं.

माझ्याकडे लग्नपत्रिका येतात. जाड असल्या की मी त्या ठेवते. मागच्या लगीनसराईत एका दुपारी बसून वीस कडी कापलीसुद्धा, हाताला माप अजून पाठ आहे. ती पाकिटात घालून कपाटात ठेवली आहेत. गंगाखेडला तीन वेळा जाऊन आले, पाकीट पर्समध्ये होतं, तिन्ही वेळा ते तसंच परत आलं. ती कडी दिली तर मला काय म्हणायचं आहे ते अण्णांना लगेच कळेल, आणि घाटावर न बोलता जे म्हटलं तेच मी पुन्हा म्हणत असेन.